पोटाच्या डायलिसिसमध्ये शरीरातलं पाणी किती धरायचं? सूत्र आणि यंत्र यांचे आकडे का जुळत नाहीत

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे पुढचं वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आईचं वय ५८, उंची १५२ सेंटिमीटर, वजन ७४ किलो. दिवसाला दोन लिटरच्या तीन बॅगा चालू आहेत, म्हणजे द्रव पोटात भरायचा, काही तास ठेवायचा आणि काढून टाकायचा (ड्रेन). लघवी अजून थोडीफार होते. अहवालात शरीरातलं एकूण पाणी ३२.४ लिटर धरलंय आणि त्यावरून आठवड्याचा केटी बाय व्ही (Kt/V, म्हणजे आठवड्यात युरियापासून साफ झालेले लिटर भागिले शरीरातलं पाणी) १.६१ काढलाय. नंतर कुणीतरी बायोइम्पिडन्सच्या यंत्रावर मोजलं तर पाणी २८.५ लिटर निघालं, शिवाय ‘जादा पाणी २.६ लिटर’ असंही कागदावर छापून आलं. २८.५ ने भागलं की तोच केटी बाय व्ही १.८३ होतो. उद्दिष्ट १.७ चं, म्हणजे एक आकडा त्याच्या खाली आणि दुसरा वर. यातला खरा आकडा कुठला आणि चौथी बॅग लावावी का, हे तुम्ही विचारलंय. जाता जाता एक वाक्य लिहिलंय की संध्याकाळी आईचे पाय सुजतात. मला विचाराल तर तुमच्या संपूर्ण प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते आहे.

मी किडनीविकारांचा डॉक्टर आहे आणि पोटाच्या डायलिसिसचे रुग्ण बरीच वर्षं बघतोय. पण तुमच्या आईला मी तपासलेलं नाही. त्यामुळे बॅग वाढवा किंवा वाढवू नका असं इथून सांगणार नाही. हे आकडे येतात कुठून आणि मी स्वतः ते कसे वाचतो, एवढं सांगतो. ते घेऊन तुमच्या डॉक्टरांशी बोला.

मुळात इथे दोन वेगळे प्रश्न एकत्र झालेत. डायलिसिसने युरियासारखी घाण पुरेशी निघते का, हा पहिला. त्यासाठी शरीरातलं एकूण पाणी लागतं, कारण युरिया त्या सगळ्या पाण्यात सारखा पसरलेला असतो. अंगात गरजेपेक्षा जास्त पाणी साठलंय का, हा दुसरा. दोन्हीकडे ‘शरीरातलं पाणी’ हेच शब्द येतात म्हणून एकच आकडा दोन्हीला चालेल असं वाटतं. तसा तो चालत नाही. सूत्राने काढलेला आकडा पहिल्या प्रश्नासाठी बरा आहे, दुसऱ्यासाठी जवळजवळ निरुपयोगी. यंत्र मुख्यतः दुसऱ्यासाठी उपयोगी, पहिल्यासाठी वापरायचं तर जपून.

आधी भागाकार बघू. आईच्या पोटातून दिवसाला साधारण ६.७ लिटर द्रव बाहेर येत असेल, म्हणजे आत गेलेले सहा आणि वर ओढलेलं ०.७ लिटर पाणी, आणि त्या द्रवातला युरिया रक्तातल्या युरियाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत पोचत असेल, तर पोटाने दिवसाला सुमारे ६ लिटर रक्तद्रव युरियापासून साफ केला असा हिशेब होतो. किडनीत मिनिटाला एक मिलिलिटर इतकी ताकद उरली असेल तर त्याचे दिवसाला १.४४ लिटर. मिळून साडेसात लिटरच्या आसपास, आठवड्याला ५२.३. हे अंशस्थान, आणि तुमच्या दोन्ही आकड्यांत ते तेच आहे. ५२.३ ला ३२.४ ने भागलं की १.६१ आणि २८.५ ने भागलं की १.८३. दोन्हीकडे डायलिसिस तेच, युरिया तितकाच बाहेर पडतोय. बदललाय फक्त छेद.

आता छेदातले ३२.४ आले कुठून? वॉटसन, वॉटसन आणि बॅट यांचं १९८० चं सूत्र जगभर वापरलं जातं, बहुतेक तेच. स्त्रियांसाठी ते असं: सेंटिमीटरमधली उंची गुणिले ०.१०६९, अधिक किलोतलं वजन गुणिले ०.२४६६, वजा २.०९७. पुरुषांसाठी २.४४७, वजा वय गुणिले ०.०९५१६, अधिक उंची गुणिले ०.१०७४, अधिक वजन गुणिले ०.३३६२. स्त्रियांच्या सूत्रात वय नाही, कारण त्यांच्या माहितीत वयाने फारसा फरक पडताना दिसला नव्हता. आईची उंची आणि ७४ किलो घालून बघा, बरोबर ३२.४ येतात.

या सूत्राने आईचं पाणी मोजलेलं नाही. ७०० हून अधिक माणसांच्या शरीरातलं पाणी वेगवेगळ्या ठिकाणी प्रत्यक्ष मोजलं गेलं होतं, ते आकडे एकत्र करून ‘एवढ्या उंचीच्या आणि एवढ्या वजनाच्या बाईत सरासरी एवढं पाणी असतं’ असा अंदाज बसवला गेला. सरासरी म्हणून तो चांगलाच आहे. पण एकेका व्यक्तीच्या बाबतीत तीन-चार लिटरनी इकडे-तिकडे होणं या सूत्राला नवं नाही. म्हणजे सूत्र आणि यंत्र यांच्यात तुम्हाला जो ३.९ लिटरचा फरक दिसला, तो पाहून ‘कुणीतरी चुकलंय’ असं लगेच म्हणायचं कारण नाही.

आता सूत्रातल्या ०.२४६६ कडे नीट बघा. स्त्रीचं वजन एक किलोने वाढलं की सूत्र पाणी पाव लिटरने वाढवतं. पुरुषात एक तृतीयांश लिटरने. का? कारण सर्वसाधारण माणसात, उंची तीच असताना, वजन वाढतं ते मुख्यतः चरबीने, आणि चरबीच्या ऊतीत पाणी कमी असतं, साधारण दहा ते वीस टक्के. स्नायूंत ते तीन चतुर्थांशाच्या आसपास असतं. ज्यांच्यावरून सूत्र बसवलं त्यांच्यासाठी हा हिशेब बरोबर आहे. पण पोटाच्या डायलिसिसवरच्या माणसाच्या अंगात तीन लिटर पाणी साठलं तर वजन तीन किलोने वाढतं आणि खरं पाणीही पूर्ण तीन लिटरने वाढतं. सूत्र मात्र म्हणतं, पाऊण लिटर वाढलं. सव्वादोन लिटरचा त्याला पत्ताच नाही. त्यामुळे ‘सूत्राने पाणी ठीक आहे म्हणजे अंगावर पाणी नाही’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. सूत्राला ते दिसूच शकत नाही.

याहून वाईट प्रकार वजन अजिबात न बदलता होतो. ग्लुकोजच्या बॅगांमधून रोज बरंच ग्लुकोज शरीरात शोषलं जातं, साधारण १०० ते २०० ग्रॅम. त्यातून काहींची चरबी वाढते. त्याच वेळी भूक मंदावलेली असते, द्रवातून रोज काही ग्रॅम प्रथिनं निघून जातात आणि स्नायू झिजतात. स्नायू तीन किलोने कमी, पाणी दोन किलोने जास्त, चरबी एक किलोने जास्त. वजनाचा काटा जागचा हलत नाही. घरचे खूश, वही भरणारा खूश, सूत्राचं उत्तर महिनोन्‌महिने तेच. ज्या रुग्णाचं वजन ‘फार छान स्थिर’ आहे असं मला सांगितलं जातं, त्याच्या दंडाचा घेर आणि हाताची पकड मी मुद्दाम बघतो ती यामुळेच.

पोटात भरलेल्या द्रवाचाही एक घोटाळा असतो. आईचं ७४ किलो वजन पोटात दोन लिटर असताना घेतलं होतं की ड्रेन झाल्यावर, हे विचारून घ्या. भरल्या पोटी घेतलं असेल तर तिचं वजन ७२ धरायला हवं. ७२ घातले की वॉटसनचं उत्तर ३१.९ आणि केटी बाय व्ही १.६४. अंगावरचं २.६ लिटर जादा पाणीही वजा करून ६९.४ घातले तर ३१.३ आणि १.६७. तेच ७२ किलो वॉटसनऐवजी ह्यूम आणि वायर्स यांच्या १९७१ च्या सूत्रात घातले तर ३०.३ लिटर आणि १.७२. आणि तिच्या उंचीला साजेसं वजन, समजा ५२ किलो, वॉटसनमध्ये घातलं तर २७ लिटर आणि १.९४. एकच बाई, एकच डायलिसिस, आणि १.६१ पासून १.९४ पर्यंत हवं ते उत्तर मिळतं. दशांशचिन्हानंतरच्या दुसऱ्या आकड्यावरून उपचार बदलू नयेत असं मी कनिष्ठ डॉक्टरांना सांगतो, त्याचं कारण हे.

मग यातलं कुठलं वापरायचं? खरं सांगायचं तर कुठलं वापरता यापेक्षा दर वेळी तेच वापरता का, हे महत्त्वाचं. एकच सूत्र, एकच काटा, ड्रेन झाल्यावरचं वजन. मग सहा महिन्यांपूर्वीचा १.६४ आणि आजचा १.४५ यांची तुलना करण्यात अर्थ राहतो. वजन खूप जास्त असलेल्या व्यक्तीत प्रत्यक्ष वजन घातलं की सूत्र बहुधा पाणी जास्त सांगतं आणि केटी बाय व्ही उगाच कमी दिसतो. तुमच्या आईचा बॉडी मास इंडेक्स ३१-३२ आहे, म्हणजे तिच्या बाबतीत हे लागू पडण्याची शक्यता बरीच आहे. यंत्राने कमी पाणी दाखवलं, तेही याच दिशेने बोट दाखवतं.

उलटी बाजू जास्त धोक्याची, म्हणून ती आकड्यांतच सांगतो. ६५ वर्षांचे, १६८ सेंटिमीटर उंचीचे गृहस्थ धरा. वजन ६० असताना वॉटसनने ३४.५ लिटर. आठवड्याची सफाई ५६ लिटर असेल तर केटी बाय व्ही १.६२. वर्षभरात ते खंगून ४६ किलोवर आले. आता पाणी २९.८, आणि सफाई तीच राहिली तर केटी बाय व्ही १.८८. कागदावर डायलिसिस सुधारलं! प्रत्यक्षात माणूस विरघळत चाललाय. अशा रुग्णात मी त्यांच्या नेहमीच्या, निरोगी वजनाने पाणी काढतो. उद्दिष्ट त्यांना परत तिथे न्यायचं आहे आणि डायलिसिस त्या शरीराला पुरायला हवं. पाय कापलेला असेल तर वेगळाच हिशेब. संपूर्ण पाय म्हणजे शरीराच्या वजनाचा साधारण सहावा हिस्सा, त्यामुळे उंची-वजनाचं सूत्र तसंच्या तसं लावता येत नाही.

आता यंत्राकडे येऊ. एका बाजूच्या हातावर दोन आणि त्याच बाजूच्या पायावर दोन चिकटपट्ट्या लावतात आणि अगदी सौम्य विद्युतप्रवाह वेगवेगळ्या वारंवारितेने सोडतात, साधारण ५ ते १००० किलोहर्ट्झ. कमी वारंवारितेचा प्रवाह पेशींच्या आवरणातून आत शिरत नाही, बाहेरच्या पाण्यातून वाट काढतो. जास्त वारंवारितेचा आत-बाहेर दोन्हीकडून जातो. दोन्ही अडथळ्यांवरून पेशींबाहेरचं आणि आतलं पाणी वेगळं काढता येतं. निरोगी शरीरात पेशींच्या आत साधारण दोन तृतीयांश आणि बाहेर एक तृतीयांश पाणी असतं. जादा साठलेलं पाणी जवळजवळ सगळं बाहेरच्या भागात जातं. एवढ्या स्नायूला आणि एवढ्या चरबीला बाहेरचं पाणी किती असायला हवं होतं, हे यंत्र हिशेबाने ठरवतं आणि वरचं उरेल ते ‘जादा पाणी’ म्हणून छापतं. सूत्राला जे जमत नाही ते इथे जमतं.

पण यंत्रही पाणी थेट मोजत नाही. ते विजेला होणारा अडथळा मोजतं, आणि पाण्यापर्यंत पोचायला तेही उंची, वजन आणि एक गणिती प्रतिमान वापरतं. उंची दोन सेंटिमीटर चुकीची टाकली किंवा वजन चुकवलं की छापील आकडा तितक्याच आत्मविश्वासाने चुकतो. माझ्या अनुभवात यंत्राच्या विचित्र उत्तरांचं पहिलं कारण तंत्रज्ञानात सापडत नाही. ते भरलेल्या माहितीत सापडतं. दुसरं कारण घाई. पाठीवर सरळ झोपवून काही मिनिटं थांबायला हवं, हात अंगाला आणि मांड्या एकमेकींना लागलेल्या नकोत. पेसमेकर असलेल्यांत हे यंत्र वापरू नये अशी सूचना उत्पादक देतात, तीही पाळायची.

पोटातल्या द्रवाचं यंत्राला काय होतं, हा प्रश्न नेहमी येतो. मनगट ते घोटा या वाटेवर एकूण अडथळा बहुतेक सगळा हातापायांचा असतो. धड शरीराचं निम्मं वजन पेलतं, पण जाडजूड असल्यामुळे त्याचा अडथळा एकूण अडथळ्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणून पोटातले दोन लिटर यंत्राला जवळपास दिसतच नाहीत. याचा फायदा असा की केवळ मोजणीसाठी ड्रेन करायलाच हवं असं नाही. तोटा असा की वजनाच्या रकान्यात ते दोन किलो राहिले तर यंत्र ते बहुतांशी चरबीच्या खात्यात टाकतं. आणि जलोदर असेल, म्हणजे आजारामुळे पोटात पाणी झालं असेल, तर तेही निसटतं. मी ड्रेन करून वजन घेतो, मग मोजतो. कुणी भरल्या पोटी मोजलं तर निदान दोन किलो वजा करून भरा आणि वहीत तसं लिहा.

अगदी खरं पाणी मोजायची पद्धत आहेच. ड्युटेरियमयुक्त (जड हायड्रोजनचं) पाणी मोजून पाजायचं, ते शरीरभर मिसळायला काही तास द्यायचे आणि मग रक्तात किंवा लाळेत ते किती पातळ झालं ते बघायचं. हौदात रंगाची पुडी टाकून रंग किती फिका पडला त्यावरून हौद केवढा ते ओळखावं, तसं. तीही शंभर टक्के अचूक नाही. ड्युटेरियम काही प्रमाणात प्रथिनांमधल्या हायड्रोजनशी जागा बदलतो, त्यामुळे पाणी सुमारे चार टक्के जास्त दिसतं. शिवाय पोटातला द्रवही त्या मिसळण्यात सामील होतो, त्याचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. संशोधनासाठी ठीक, रोजच्या दवाखान्यात कुणी करत नाही. सूत्रं आणि यंत्रं शेवटी याच मोजणीशी ताडून बसवलेली आहेत एवढं लक्षात असू द्या.

तर तुमच्या कागदावरचे २.६ लिटर. निरोगी लोकांत हा आकडा साधारण उणे १.१ ते अधिक १.१ लिटरच्या दरम्यान असतो. आईचं पेशींबाहेरचं पाणी किती छापलंय ते तुम्ही लिहिलेलं नाही. समजा १४ लिटरच्या आसपास असेल तर २.६ म्हणजे त्याच्या १८-१९ टक्के. २००९ मध्ये रक्ताच्या डायलिसिसवरच्या रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात १५ टक्क्यांच्या वर जादा पाणी असलेल्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं होतं. तेव्हापासून हा १५ टक्क्यांचा आकडा सगळीकडे फिरतो. पोटाच्या डायलिसिसला तो जसाच्या तसा लागू होतो असं मी म्हणणार नाही, पण २.६ लिटर आणि संध्याकाळची सूज एकत्र आली की मी ते गंभीरपणे घेतो.

तरी एक ‘पण’ आहे, आणि तो मोठा आहे. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन फार कमी असेल, अंगात दाह असेल, स्नायू झिजलेले असतील तर पेशींच्या आतलं पाणी घटतं आणि बाहेरचं तुलनेने जास्त दिसतं. यंत्र ‘जादा पाणी’ म्हणतं, पण रक्तवाहिन्या तुडुंब भरलेल्या असतीलच असं नाही. पाणी ऊतींमध्ये अडकलेलं असतं. अशा रुग्णाला जास्त ग्लुकोजच्या तीव्र बॅगा लावून घाईने कोरडं केलं तर रक्तदाब पडतो, चक्कर येते आणि उरलीसुरली लघवी बंद होते. ती एकदा गेली की सहसा परत येत नाही. म्हणून यंत्राच्या आकड्याशेजारी मी नेहमी अल्ब्युमिन, उभं राहिल्यावरचा रक्तदाब आणि चोवीस तासांची लघवी लिहून ठेवतो. जमेल तिथे फुफ्फुसांची आणि खालच्या महाशिरेची सोनोग्राफी. एनटी-प्रो-बीएनपी ही रक्ततपासणी हृदयामुळेही वाढते आणि किडनीमुळेही, त्यामुळे तिचा एकटा आकडा मला फारसा उपयोगी वाटत नाही. त्याच रुग्णात तो दुप्पट झाला तर मात्र कान टवकारतो.

पायाच्या सुजेबद्दलही दोन शब्द. बोटाने दाबल्यावर खड्डा पडायला लागतो तोवर सहसा दोन-तीन लिटर पाणी साठून गेलेलं असतं, त्यामुळे सूज नाही म्हणजे पाणी नाही असं नव्हे. उलट, सूज आहे म्हणजे पाणीच आहे असंही नव्हे. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिनसारखी गोळी चालू असेल तर तिनेही घोट्यांना सूज येते आणि ती सूज पाणी काढून जात नाही. आईच्या गोळ्यांची यादी त्या नजरेने बघून घ्या.

एक गंमत बघा. यंत्राच्या २८.५ लिटरमध्ये ते जादा २.६ लिटर धरलेले आहेत. ते काढून टाकले की एकूण पाणी २५.९ आणि सफाई तेवढीच राहिली तर केटी बाय व्ही २ च्या वर. युरिया एक थेंबही जास्त निघालेला नाही. म्हणून डोस ठरवायला यंत्राचा छेद वापरायचा तर सगळ्यांना, नेहमी, तोच वापरायला हवा. उद्दिष्टाचा १.७ हा आकडा ज्या अभ्यासांतून आला त्यांत छेद सूत्राने काढलेला होता. यंत्राच्या छेदाने आलेला १.८३ सूत्रावर बेतलेल्या १.७ शी ताडून ‘पास झालो’ म्हणणं म्हणजे एका परीक्षेचे गुण दुसऱ्या परीक्षेच्या उत्तीर्णरेषेशी जुळवणं आहे.

आणि त्या १.७ ला तरी किती मानायचं? मेक्सिकोतल्या अ‍ॅडेमेक्स चाचणीत, जी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली, ९६५ रुग्ण होते. एका गटाचा एकूण केटी बाय व्ही सरासरी १.८० च्या आसपास, दुसऱ्याचा २.२७. जगण्यात फरक पडला नाही. हाँगकाँगच्या २००३ च्या चाचणीतही तीन गटांत मृत्यूचं प्रमाण वेगळं निघालं नाही, पण १.७ च्या खालच्या गटात रक्तक्षय आणि इतर तक्रारी जास्त होत्या. कॅनडा आणि अमेरिकेतल्या कॅनुसा अभ्यासाचं २००१ मध्ये फेरविश्लेषण झालं, तेव्हा दिसलं की जगण्याशी नातं उरलेल्या किडनीचं आहे, पोटाच्या सफाईचं नाही. दिवसाला २५० मिलिलिटर जास्त लघवी म्हणजे मृत्यूची जोखीम ३६ टक्क्यांनी कमी. २०२० च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनीही केटी बाय व्हीच्या एकट्या आकड्यामागे धावणं सोडून रुग्णाला कसं वाटतं, पाणी, पोषण आणि उरलेली किडनी या सगळ्यांकडे एकत्र बघायला सांगितलंय.

म्हणून चौथ्या बॅगेबद्दल. ती लावली तर आठवड्याला साडेबारा लिटर सफाई वाढेल आणि सूत्राचा केटी बाय व्ही २ होईल. कागद छान दिसेल. बदल्यात रोजचं आणखी ग्लुकोज, आणखी एक जोडणी, आणि आईचा आणखी अर्धा-पाऊण तास. आईला मळमळ, तोंडाला चव नसणं, खाज, वाढलेलं पोटॅशियम किंवा फॉस्फरस, कमी बायकार्बोनेट यांपैकी काही असेल तर मी आनंदाने लावीन. यांतलं काहीच नसेल तर केवळ १.६१ साठी लावणार नाही. पाण्यासाठी लावायची असेल तर तो वेगळा विचार, आणि त्यासाठी आधी चार गोष्टी तपासायच्या.

पहिली, रोजच्या नोंदींच्या वहीत ओढलेलं पाणी ०.७ लिटर लिहिलेलं असेल, तर ते खरं आहे का. बॅगेवर दोन लिटर लिहिलेलं असलं तरी नळी धुण्यासाठी आत थोडं जास्त द्रव असतं. भरण्याआधी धुतलेलं ते द्रव ड्रेनच्या बॅगेत जातं आणि तोलताना ‘निघालेलं पाणी’ म्हणून मोजलं जातं. बॅगेमागे शंभर मिलिलिटर धरले तरी तीन बॅगांत दिवसाला ३०० मिलिलिटर खोटं पाणी. वहीत ०.७ आणि प्रत्यक्षात ०.४ असेल तर पाय का सुजतात याचं उत्तर तिथेच मिळून जातं.

दुसरी, मीठ. शरीर पेशींबाहेर एक लिटर पाणी धरून ठेवतं ते साधारण आठ-नऊ ग्रॅम मिठाच्या जोरावर. २.६ लिटर म्हणजे वीस-बावीस ग्रॅम मीठ अंगात अडकलेलं आहे. मीठ तसंच ठेवून फक्त पाणी प्यायला बंदी केली तर तहान जिंकते. पाणी मोजून प्या असं सांगण्यात जितका वेळ जातो, त्याच्या निम्मा मिठावर घालवला तर जास्त फळ मिळतं.

तिसरी, कुठली बॅग किती वेळ पोटात राहते. पेट चाचणी (पेरिटोनियल इक्विलिब्रेशन टेस्ट, पोटाच्या आवरणातून पदार्थ किती लवकर आरपार जातात ते बघणारी) झाली नसेल तर करून घ्या. आईचं पोटाचं आवरण जलद गटातलं असेल तर ग्लुकोज लवकर शोषलं जातं आणि रात्रभराच्या बॅगेतून ओढलेलं पाणी पहाटेपर्यंत परत आत जातं. अशा वेळी लांब मुक्कामासाठी आयकोडेक्स्ट्रिनची बॅग उपयोगी पडते, त्यात ग्लुकोजऐवजी हळू शोषले जाणारे मोठे रेणू असतात. नुसती बॅगांची संख्या वाढवून तो प्रश्न सुटत नाही. चौथी, लघवी होत असल्याने फ्युरोसेमाइडसारख्या लघवी वाढवणाऱ्या औषधाला जागा आहे का, हे डॉक्टरांना विचारा. त्याने युरिया जास्त निघत नाही, पण मीठ-पाणी निघतं. आणि वेदनाशामक गोळ्या मनाने देऊ नका, त्यांतल्या बऱ्याच उरलेल्या किडनीला मारक आहेत.

पाणी काढायचं ठरलं तर सावकाश. आठवड्याला अर्धा ते एक किलो, रोज ड्रेन झाल्यावर त्याच काट्यावर वजन, उभं राहून रक्तदाब. चार ते सहा आठवड्यांनी यंत्रावर पुन्हा मोजणी, त्याच पद्धतीने. शून्यावर आणायचा अट्टहास नको. लघवी टिकून असेल तर अधिक एकच्या आसपास मी थांबतो आणि बघतो. यंत्राच्या आधाराने पाणी ठरवलेल्या चाचण्यांत रुग्ण जास्त जगले असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे यंत्राला सल्लागार मानतो, मालक नाही.

हे सगळं सवडीने करायचं काम आहे. पण आईला आडवं झाल्यावर दम लागायला लागला, रात्री गुदमरून उठावं लागलं, एक-दोन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं, किंवा ड्रेन अचानक कमी यायला लागला, तर कुठल्याही सूत्राची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालयात जा. ड्रेन होणारा द्रव गढूळ दिसला तरी तेच. तो पाण्याचा प्रश्न नाही, संसर्गाचा असू शकतो.